पेटंट मिळालं, पुढे काय? शोध बाजारात नेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे पेटंट कायदा १९७० आणि १५ मार्च २०२४ पासून लागू झालेले सुधारित नियम धरून लिहिली आहेत. सरकारी शुल्क दिले आहे ते ऑनलाइन अर्जाचे. उदाहरण सगळीकडे एकच ठेवले आहे: ठिबक सिंचनासाठीचा, आपोआप साफ होणारा फिल्टर. जिथे 'समजा' लिहिले आहे तिथले आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून आहेत.

पेटंट हातात आले. आता मी माल बनवून विकायला मोकळा आहे ना?

असेलच असे नाही. पेटंटने तुम्हाला दुसऱ्याला अडवण्याचा हक्क मिळतो, स्वतः बनवण्याचा परवाना मिळत नाही. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. समजा, तुमच्या फिल्टरमधली स्वयंसफाईची यंत्रणा नवी आहे, पण ती ज्या चकत्यांच्या संचावर बसते त्या रचनेचे दुसऱ्या कोणाचे पेटंट अजून जिवंत आहे. अशा वेळी तुमचे पेटंट खरे, तरीही त्याच्या परवानगीशिवाय तुमचा माल बाजारात आला तर तो उल्लंघनच ठरेल.

म्हणून साच्याची ऑर्डर देण्याआधी मोकळिकीचा शोध, म्हणजे दुसऱ्याचे जिवंत पेटंट आडवे येते का याची पाहणी, करून घ्या. पेटंट कार्यालयाचे 'इनपास', युरोपीय कार्यालयाचे 'एस्पासनेट' आणि 'गूगल पेटंट्स' ही तिन्ही साधने फुकट आहेत. शोधताना सारांश वाचून समाधान मानू नका, क्लेम (नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारी पेटंटमधली वाक्ये) वाचा. पेटंट भारतात आहे का आणि त्याचे नूतनीकरण शुल्क भरलेले आहे का, हेही पाहा. परदेशात मिळालेले पण भारतात अर्जच न केलेले पेटंट इथे तुम्हाला अडवू शकत नाही. मात्र त्या देशात निर्यात करायची असेल तर अडवेल.

अजून अर्ज केलेला नाही, पण प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा आहे. चालेल का?

आधी अर्ज, मग स्टॉल. मोशीच्या किसान प्रदर्शनात तुम्ही फिल्टर उघडून दाखवलात, माहितीपत्रक वाटलेत, एखाद्याने व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकला, की शोधाचे नावीन्य गेले. कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे हे खरे, पण ती प्रामुख्याने केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आणि विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधांना लागू होते. कृषी प्रदर्शनाचा स्टॉल तिच्यात बसतो असे गृहीत धरू नका. परदेशी अर्जात तर तिचा भरवसा अजिबात नको.

घाई असेल तर तात्पुरते विनिर्देश, म्हणजे शोधाचे प्राथमिक लेखी वर्णन, भरा. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना ३० पाने व १० क्लेमपर्यंत शुल्क १,६०० रुपये आहे, इतरांना ८,००० रुपये. पूर्ण विनिर्देश १२ महिन्यांच्या आत भरायचे असतात. तात्पुरत्या कागदात जे लिहिलेच नाही, त्याला ती आधीची तारीख मिळत नाही. त्यामुळे 'नंतर सविस्तर लिहू' म्हणून दीड पानात उरकलेला अर्ज ऐनवेळी कामाला येत नाही.

अर्जाच्या तपासणीची विनंती वेगळी भरावी लागते: वर सांगितलेल्या व्यक्ती-स्टार्टअप गटाला ४,००० रुपये, इतरांना २०,०००. तिची मुदत पूर्वी ४८ महिने होती, १५ मार्च २०२४ नंतरच्या अर्जांना ती ३१ महिने आहे. विनंती भरायची राहिली तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते.

क्लेम कसे असले की धंद्याच्या उपयोगाचे?

क्लेममधला प्रत्येक घटक नकल करणाऱ्याच्या मालात सापडला तरच उल्लंघन सहज सिद्ध होते. तुमच्या पहिल्या क्लेममध्ये 'तीन स्प्रिंगांनी दाबलेला चकत्यांचा संच' असे लिहिले असेल, तर दोन स्प्रिंग टाकणारा बहुतेक वेळा सुटतो. खरे तर तुमचा शोध स्प्रिंग किती यात नव्हताच. आत-बाहेरच्या दाबातला फरक ०.५ बारला पोहोचला की झडप आपोआप उघडून चकत्या सैल व्हाव्यात, यात तो होता. तेव्हा पहिला क्लेम यंत्रणेवर हवा, स्प्रिंगांची संख्या आणि झडपेचा नेमका दाब अवलंबित क्लेममध्ये, म्हणजे पहिल्यावर आधारलेल्या पुढच्या क्लेममध्ये.

अर्ज लिहिण्यापूर्वी स्वतःला स्पर्धकाच्या जागी बसवा आणि 'हाच परिणाम मी स्वस्तात दुसऱ्या कोणत्या मार्गाने मिळवेन?' याची यादी करून पेटंट एजंटला (अर्ज लिहून देणाऱ्याला) द्या. ही यादी तो स्वतः करू शकत नाही, कारण वर्कशॉपमध्ये काय जमते आणि काय नाही ते तुम्हाला माहीत असते.

प्रोटोटाइप उत्तम चालतो. उत्पादन सुरू करायला हरकत काय?

थ्रीडी प्रिंट केलेला नमुना आणि साच्यातून निघालेला नग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बरेच शोध पैशाअभावी नव्हे, तर या टप्प्यावर अडकतात.

प्रिंट केलेली बॉडी थरांमधून पाझरते. दाब देऊन ती तपासली तर गळती डिझाइनची की छपाईची हेच कळत नाही. त्यामुळे मधला टप्पा घ्या: सिलिकॉनच्या साच्यातून व्हॅक्यूम कास्टिंग करून १५-२० नग काढा आणि ते एक हंगाम शेतात लावा. विहिरीचे पाणी, कालव्याचे शेवाळी पाणी आणि लोहयुक्त बोअरचे पाणी या तिन्ही ठिकाणी लावा, कारण १२० मेशची, म्हणजे साधारण १३० मायक्रॉनची गाळणी तिन्ही पाण्यांत वेगवेगळ्या तऱ्हेने चोंदते. लोहाचा चिकट थर नुसत्या उलट प्रवाहाने निघत नाही, आणि हे प्रयोगशाळेतल्या नळाच्या पाण्यावर कधीच दिसत नाही.

मग इंजेक्शन मोल्डिंग, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरणे. साधे पॉलीप्रॉपिलीन थंड होताना साधारण १ ते २.५ टक्के आकसते. काच-तंतू मिसळलेले कमी आकसते, पण तंतूंच्या दिशेने कमी आणि आडवे जास्त. परिणामी गोल झाकण किंचित लंबगोल होते, ओ-रिंगची (गळती रोखणाऱ्या रबरी कडीची) खाच वेडीवाकडी होते आणि फिल्टर नेमका तिथेच गळतो. ड्रॉइंग हजार वेळा तपासले तरी हा दोष दिसत नाही. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी ठेवा, रिब (आतल्या आधारपट्ट्या) भिंतीपेक्षा जाड करू नका (बाहेरून खड्डे पडतात), नग साच्यातून सुटावा म्हणून उभ्या बाजूंना निदान १ अंशाचा उतार द्या. उन्हात राहणारी वस्तू आहे, तेव्हा यूव्ही स्टॅबिलायझर विसरू नका. कामाचा दाब २ बार असेल तर प्रत्येक नग ३ बारला तपासून बाहेर पाठवा.

साच्याचा खर्च नगांवर वाटून पाहा. समजा, साचा ६ लाखांचा आहे: ५,००० नगांवर तो नगामागे १२० रुपये पडतो, ५०,००० नगांवर १२ रुपये. सुरुवातीला ॲल्युमिनियमचा स्वस्त साचा करून विक्रीचा अंदाज घेणे आणि मग पोलादी साच्याकडे जाणे, हा मार्ग पुष्कळदा शहाणपणाचा ठरतो. साचा टूलरूमच्या (साचा बनवणाऱ्या कारखान्याच्या) ताब्यात राहणार असेल तर तो तुमच्या मालकीचा आहे हे पर्चेस ऑर्डरवर लिहून घ्या.

वस्तू चांगली, किंमत रास्त, तरी डीलर हात लावत नाही. का?

ठिबकच्या बाबतीत उत्तर बहुधा अनुदानात असते. 'पर ड्रॉप मोअर क्रॉप' या सरकारी योजनेखाली अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते, आणि त्या संचातले घटक बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मानकांचे लागतात. जाळीच्या फिल्टरला आयएस १२७८५ आहे. तुमचा फिल्टर कोणत्याच मानकात बसत नसेल तर तो अनुदानाच्या बिलात बसत नाही, आणि जे बिलात बसत नाही ते डीलर ठेवत नाही. दोन वाटा उरतात: डिझाइन मानकात बसेल असे जुळवून घेणे, किंवा अनुदानाबाहेरचा ग्राहक शोधणे. जुन्या संचात फिल्टर बदलणारे बागायतदार, रोपवाटिका आणि पॉलीहाउस हे असे ग्राहक.

कुठल्याही क्षेत्रात हेच पाहा: ग्राहक कोण, पैसे देणारा कोण, आणि मंजुरी देणारा कोण. ही तीन माणसे वेगळी असतील तर तिघांनाही पटवावे लागते.

स्वतः उत्पादन करू, परवाना देऊ, की पेटंट विकून मोकळे होऊ?

भांडवल, विक्रीचे जाळे आणि उधारी सोसण्याची ताकद या तीन गोष्टींवर ते ठरवा. कृषी साहित्यात माल हंगामाआधी जातो आणि पैसे हंगामानंतर येतात. एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने खरेदीदाराला पैसे देण्यासाठी ४५ दिवसांची कमाल मुदत घातली आहे, पण ती वसूल करायला जाणारा पुढच्या हंगामाची ऑर्डर गमावायला तयार असावा लागतो.

आमचे मत: पहिला शोध असेल आणि वस्तू एखाद्या मोठ्या संचाचा केवळ एक भाग असेल तर परवाना द्या. फिल्टर एकटा विकत घेणारा शेतकरी कमी, संपूर्ण संच घेणारा जास्त, आणि संच विकणाऱ्या कंपन्यांचे जाळे तुम्हाला दहा वर्षांत उभे करता येणार नाही. उलट वस्तू स्वतंत्र विकली जाणारी असेल आणि जॉबवर्कवर भोसरीत किंवा सातपूरला बनवून घेता येत असेल, तर सुरुवात स्वतः करा. विक्रीचे आकडे हातात असले की पुढे परवान्याचा भावही वर जातो.

विकायचे म्हणजे हस्तांतर. ते लेखी नसेल तर कायद्याने ग्राह्य नाही, आणि फॉर्म १६ भरून पेटंटच्या नोंदवहीत चढवावे लागते. परवान्यालाही हेच लागू. योग्य मुद्रांक शुल्क भरलेले नसेल तर ते भरेपर्यंत कागद कोर्टात पुरावा म्हणून घेतला जात नाही.

रॉयल्टी किती मागावी?

नफ्याचा एक चतुर्थांश मागावा असा एक जुना ठोकताळा होता. २०११ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने युनिलॉक विरुद्ध मायक्रोसॉफ्ट खटल्यात तो फेटाळला. वाटाघाटीत कोणी तो पुढे केला तर त्याला विशेष वजन देऊ नका. खाली उतरत जाणारा हिशेब करा.

समजा, शेतकरी जीएसटी वगळून २,००० रुपये देतो. डीलरचे २० टक्के गेले, राहिले १,६००. वितरकाचे त्यातले १० टक्के गेले, कारखान्याचा भाव १,४४०. उत्पादन खर्च १,०००, कार्यालय-वाहतूक-वॉरंटी धरून आणखी २१६. निर्मात्याच्या हाती २२४ राहिले, आणि तुमची रॉयल्टी त्यातूनच जायची आहे. कारखाना भावावर ४ टक्के म्हणजे नगामागे ५७ रुपये ६० पैसे, वर्षाला ५,००० नगांवर २,८८,००० रुपये. इथे १० टक्के मागितलेत तर १४४ रुपये होतात आणि निर्माता उठून जातो. हा तक्ता समोर ठेवून बोललात की चर्चा टक्केवारीवरून खर्चावर येते, आणि तिथे तुमचे म्हणणे पटवणे सोपे जाते.

रॉयल्टी नेहमी निव्वळ विक्रीवर घ्या, नफ्यावर नको. नफा किती दाखवायचा हे दुसऱ्याच्या हातात असते. 'निव्वळ विक्री'ची व्याख्या करारातच लिहा: जीएसटी, प्रत्यक्ष भाडे आणि परत आलेला माल वजा, बाकी काही वजा नाही. संचाबरोबर फिल्टर 'मोफत' दिला तर किंमत कशी धरायची, हेही लिहा. हे कलम नसल्यामुळे रॉयल्टी शून्यावर आलेली उदाहरणे कमी नाहीत.

परवान्याच्या करारात आणखी काय पाहायचे?

किमान वार्षिक रॉयल्टी. एकमेव परवाना (दुसऱ्या कोणालाही न देण्याच्या बोलीवरचा) मागणारा काही वेळा माल बनवण्यासाठी नव्हे, तर तुमचा शोध फडताळात ठेवून आपला जुना माल विकत राहण्यासाठी मागतो. पहिल्या वर्षी ५०,०००, दुसऱ्या वर्षी दीड लाख, तिसऱ्या वर्षी अडीच लाख अशी चढती रक्कम ठेवा, आणि ती न भरल्यास परवाना आपोआप एकमेव राहणार नाही असे लिहा.

हिशेब तपासण्याचा हक्क, दर तिमाहीला विक्रीचे विवरण, प्रदेश, मुदत, उल्लंघनाचा खटला कोण चालवणार आणि खर्च कोणाचा, सुधारणांची मालकी कोणाची, हे सगळे ठरवा. पण कलम १४० नुसार काही अटी करारात घातल्या तरी त्या रद्दबातल ठरतात: पेटंट नसलेला माल माझ्याकडूनच घ्या, पेटंटच्या वैधतेला आव्हान देऊ नका, तुम्ही केलेली प्रत्येक सुधारणा एकट्या मलाच द्या, एका पेटंटबरोबर इतर पेटंटांचा परवानाही घ्यावाच लागेल. परदेशी नमुन्यावरून उतरवलेल्या करारांत अशी कलमे हमखास सापडतात.

पेटंट वैध असल्याची हमी देऊ नका. सरकारही देत नाही, कलम १३(४) तसे स्पष्ट म्हणते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षापर्यंत विरोध दाखल होऊ शकतो, म्हणून मोठ्या कंपन्या ते वर्ष उलटेपर्यंत मोठी आगाऊ रक्कम देत नाहीत. यात संशय घेण्यासारखे काही नाही.

पेटंट दोघांच्या नावावर आहे. एकटा परवाना देऊ शकतो का?

नाही. कलम ५० प्रमाणे वेगळा करार नसेल तर दोघांचा वाटा समान. प्रत्येकाला स्वतः उत्पादन करून विकता येते आणि दुसऱ्याला त्यातला पैसा द्यावा लागत नाही. मात्र परवाना द्यायला किंवा आपला वाटा विकायला दुसऱ्याची संमती लागते. म्हणजे ज्याच्याकडे कारखाना आहे तो एकटा सगळा फायदा घेऊ शकतो, आणि ज्याच्याकडे नाही त्याला परवाना देऊनही पैसे मिळवता येत नाहीत. मैत्रीत केलेल्या संयुक्त अर्जात हा प्रश्न पुढे फार कडू होतो, म्हणून अर्जाच्या दिवशीच साधा लेखी करार करा.

विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी संस्थेचे बौद्धिक संपदा धोरण वाचावे. नोकरीत लागलेल्या शोधाची मालकी कोणाची, याबद्दल आपल्या पेटंट कायद्यात स्वतंत्र तरतूद नाही. ती नेमणुकीच्या करारावर ठरते.

परवाना घेणारा शोधायचा कुठे?

बाजारात पहिल्या क्रमांकावर असलेल्या कंपनीपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची कंपनी अधिक उत्सुक असते. तिला वेगळेपण हवे असते. ठिबकसाठी जळगाव, पुणे आणि नाशिक या पट्ट्यात विचारपूस करा. पाठवायचे ते एक पान: अडचण काय, उपाय काय, चाचणीचे आकडे, पेटंट क्रमांक. प्रसिद्ध न झालेले तपशील गोपनीयता करारावर सही झाल्यावरच.

नवी दिल्लीचे राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ (स्थापना १९५३) तंत्रज्ञान हस्तांतराचेच काम करते. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातले व्हेंचर सेंटर आणि मुंबईत आयआयटीचे 'साइन' ही नवउद्योगांना आधार देणारी इन्क्युबेशन केंद्रे आहेत. प्रोटोटाइपसाठी 'निधी-प्रयास' योजनेत १० लाखांपर्यंत, जैवतंत्रज्ञान असेल तर बायरॅक या सरकारी संस्थेच्या 'बिग' योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते.

'तुमचे पेटंट अमेरिकेत विकून देतो, आधी नोंदणी फी भरा' असे फोन पेटंट प्रसिद्ध होताच येऊ लागतात. मोबदला यशस्वी व्यवहारावर घ्यायला तयार नसेल त्याच्याशी बोलणे थांबवा.

नकल बाजारात आली. लगेच नोटीस पाठवू का?

आधी पावती घेऊन नग विकत घ्या, तो उघडून प्रत्येक क्लेमच्या प्रत्येक घटकासमोर फोटो लावा. तक्ता पूर्ण भरला तरच पुढे जा. निराधार धमकी दिलीत तर कलम १०६ खाली समोरचाच तुमच्यावर दावा लावू शकतो. नुसते 'अमुक पेटंट अस्तित्वात आहे' असे कळवणे धमकीत मोडत नाही.

मालावर फक्त 'पेटंटेड' छापून भागत नाही. क्रमांक नसेल तर 'मला माहीत नव्हते' या बचावावर समोरचा नुकसानभरपाईतून सुटू शकतो. क्रमांक साच्यातच कोरून घ्या. आणि पेटंट मिळालेले नसताना 'पेटंटेड' लिहू नका, त्याला आता १० लाखांपर्यंत दंड आहे.

खटल्याला वेळ लागतो. पुण्याच्या बजाज ऑटोने दोन स्पार्क प्लगच्या इंजिनावरून टीव्हीएसविरुद्ध २००७ मध्ये चेन्नईत दावा लावला. २००८ मध्ये मनाई हुकूम मिळाला, २००९ मध्ये खंडपीठाने तो उठवला, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असे दावे झटपट निकाली काढायला सांगितले. वाद मिटला तो २०१९ मध्ये, तडजोडीने. तेवढ्या काळात एखाद्या छोट्या उत्पादनाचे आयुष्य संपते.

पेटंट वापरलेच नाही तर?

मंजुरीनंतर तीन वर्षांनी कोणीही सक्तीचा परवाना (मालकाच्या संमतीशिवाय मिळणारा) मागू शकतो. भारतात असा पहिला परवाना मार्च २०१२ मध्ये नॅटको कंपनीला बायरच्या सोराफेनिब या कर्करोगावरील औषधासाठी दिला गेला. महिन्याचा उपचार सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. छोट्या यांत्रिक शोधावर ही वेळ सहसा येत नाही.

फॉर्म २७ (पेटंट वापरात आहे की नाही याचे विवरण) मात्र सर्वांनाच भरावा लागतो. आता तो दर तीन आर्थिक वर्षांतून एकदा. पेटंट ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झाले असेल तर २०२६-२७ ते २०२८-२९ या तीन वर्षांसाठीचा फॉर्म ३० सप्टेंबर २०२९ पर्यंत.

पेटंट टिकवायला किती खर्च येतो?

व्यक्ती किंवा लघुउद्योगाला नूतनीकरण शुल्क तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी ८०० रुपये, सातव्या ते दहाव्यापर्यंत २,४००, अकराव्या ते पंधराव्यापर्यंत ४,८००, सोळाव्या ते विसाव्यापर्यंत ८,०००. एकूण ७६,८०० रुपये. मोठ्या कंपनीला याच्या पाचपट. निदान चार वर्षांचे एकदम ऑनलाइन भरले तर १० टक्के सूट. मुदत २० वर्षे, तीही अर्जाच्या तारखेपासून. मंजुरीला पाच वर्षे लागली तर ती त्यातूनच गेली.

मुदत चुकली तर सहा महिने विलंब शुल्कासह भरता येते. त्यानंतर पेटंट संपते. संपल्यापासून १८ महिन्यांत, चूक जाणूनबुजून नव्हती हे दाखवून, पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो. पण मधल्या काळात ज्यांनी उत्पादन सुरू केले त्यांना काही संरक्षण मिळते. एजंट बदललात तर पत्ता आणि ईमेल पेटंट कार्यालयात आधी बदला. पेटंटे हातची जातात ती बऱ्याचदा जुन्या एजंटकडे गेलेल्या स्मरणपत्रामुळे.

रॉयल्टीवर कर?

परवान्यावर १८ टक्के जीएसटी, देणारा १० टक्के टीडीएस कापतो. भारतात विकसित आणि भारतात नोंदलेल्या पेटंटच्या रॉयल्टीवर निवासी मूळ शोधकाला १० टक्के सवलतीच्या दराचा पर्याय आहे, पण त्या उत्पन्नातून खर्चाची वजावट मिळत नाही आणि हा पर्याय वेळेत निवडावा लागतो. विवरणपत्राच्या आदल्या दिवशी सीएला सांगितले तर उशीर झालेला असतो.